चिडीचूप वर्ग

शाळेत सगळ्यात शांत वर्ग कोणाचा, असं कोणालाही विचारलं तरी उत्तर एकच यायचं, गणिताच्या बाईंचा. नववीचा तो वर्ग बाहेरून रिकामाच वाटायचा. पाहुणे आले की मुख्याध्यापक त्यांना मुद्दाम तिथे नेत आणि दारात उभं राहून हळू आवाजात म्हणत, "बघा, शिस्त म्हणजे काय ते." बाईंना ऐकून बरं वाटे. कोणाला वाटणार नाही? तुमच्याआमच्या घरातसुद्धा पोरं गप्प बसली की आपण त्यांना गुणी म्हणतो.

यासाठी बाईंनी एक सोय करून ठेवली होती. वर्गात तोंड उघडायचं नाही, बोट दाखवायचं. करंगळी म्हणजे बाथरूम, ओठांकडे अंगठा म्हणजे पाणी आणि तर्जनी म्हणजे शंका. शंकेचं बोट वर्षभरात क्वचितच वर आलं होतं. आपलं शिकवणंच तसं स्वच्छ आहे, अशी बाईंनी आपली समजूत करून घेतली होती.

खेळाचा तास वेळापत्रकात होता, नाही असं नाही. पण तो भिंतीवरच्या कागदापुरताच. परीक्षा जवळ आली की तो गणिताला जायचा, आणि परीक्षा काय, कायमच जवळ आलेली असते. त्या दिवशीही घंटा झाली, खाली मैदानावर सातवीच्या पोरांचा गलका सुरू झाला आणि बाई म्हणाल्या, "भूमितीच्या वह्या काढा. कोणाला खिडकीबाहेर बघायचं असेल तर निकालानंतर भरपूर वेळ मिळेल." कोणी हूं की चूं केलं नाही.

दुसऱ्या बाकावर एक किडकिडीत मुलगी बसायची. पोरांनी तिचं नाव टाचणी ठेवलं होतं. प्रमेय अर्ध्यावर आलं असताना तिने करंगळी वर केली. चेहरा पांढराफटक पडला होता. बाईंनी करंगळी तेवढी पाहिली, मान हलवली आणि फळ्याकडे वळल्या.

प्रमेय संपलं, त्याखालची उदाहरणं संपली. सरावाचे पेपर वाटताना दुसऱ्या बाकावर एक पेपर उरला.

"टाचणी कुठे आहे?" बाईंनी विचारलं. त्यांच्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच निघालं होतं, पण कोणी हसलं नाही.

वर्ग चिडीचूप.

"अरे, बोला की! कुठे गेली ती?"

सगळ्या माना खाली. मग टाचणीच्या शेजारणीने हळूच करंगळी वर केली. बाई चिडल्या. "आत्ता तुला बाथरूम सुचतंय?"

"नाही बाई," ती पोर पुटपुटली, "तिला बघून यायचंय. ती गेली ती आलीच नाही. जाताना तिला श्वास घेता येत नव्हता."

"मग इतका वेळ सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नव्हतं."

बाईंच्या हातातले पेपर टेबलावर कसेबसे टेकले. त्या धावतच बाहेर पडल्या. बाथरूमचं एकेक दार त्यांनी ढकलून पाहिलं. सगळी उघडी, सगळी रिकामी. एका बेसिनचा नळ वाहत होता. तो बंद करून त्या फाटकाकडे धावल्या. फाटकावरच्या शिपायाने कानावर हात ठेवले. "बाहेर कोणी गेलं नाही बाई, मी इथून हललोच नाही."

बाहेर गेली नाही, म्हणजे आत आहे. आत आहे, तर कुठे? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. बाईंच्या मनात नको नको ते आलं. त्यांची नजर गच्चीच्या जिन्याकडे गेली. वरच्या दाराला एरवी कुलूप असायचं, आज ते उघडं होऊन कडीला लटकत होतं.

वर जायला हवं होतं आणि वर जायची छाती होत नव्हती. गच्चीच्या कठड्यापाशी काय दिसेल, खाली काय दिसेल, या धास्तीने त्या प्रत्येक पायरीवर कठडा घट्ट धरत होत्या. वर प्लंबर पाण्याच्या टाकीत डोकं घालून बसला होता.

"इथे मुलगी आली होती का? बारीकशी?"

"सकाळपासून चिटपाखरू फिरकलं नाही," तो डोकं बाहेर न काढताच म्हणाला. बाईंना त्याचे पाय धरावेसे वाटले.

खाली येताना त्यांना खेळाच्या बाई भेटल्या. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून साऱ्या शाळेच्या शिट्टीबाई. सगळं ऐकताच त्या पोरांच्या लपायच्या जागा ठाऊक असल्यासारख्या थेट बाथरूमशेजारच्या खेळाच्या सामानाच्या खोलीकडे वळल्या. दार नुसतंच लोटलेलं होतं. आत गुंडाळलेल्या सतरंज्यांच्या मागे टाचणी अंगाची जुडी करून बसली होती. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, बोटं आखडली होती.

बाई पुढे झाल्या. "अगं, तू..."

शिट्टीबाईंनी हातानेच त्यांना थांबवलं आणि स्वतः जमिनीवर बसल्या. "मी आहे गं इथे. घाई नाही. पाय जमिनीला टेकव. हं, अस्सं. आता माझ्याबरोबर श्वास सोड, हळूहळू. घ्यायचं नंतर बघू, आधी सोड."

बऱ्याच वेळाने बोटं सैल झाली. टाचणीला रडू फुटलं. "मी मरतेय असं वाटलं. छाती इतकी धडधडत होती."

"मला सांगायचंस ना, बाळा," गणिताच्या बाई म्हणाल्या.

टाचणीने डोळे पुसले. तिने विचारलं ते उर्मटपणाने नव्हे, खरोखरच विचारलं, "त्याला कोणतं बोट, बाई?"

आईबाबा येऊन तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. शाळा सुटली तरी बाई शिट्टीबाईंबरोबर शिक्षकांच्या खोलीतच बसून होत्या. अखेर आईचा फोन आला. हृदय ठणठणीत होतं. तो भीतीचा झटका होता. घरीही कितीतरी दिवस होत होतं म्हणे, अंथरुणात तोंड खुपसून सहन करायची. आता डॉक्टर तिच्याशी नेमाने बोलणार होते. "आम्हाला आजच कळलं हो," आई रडत होती. "फार शांत पोर. कधी त्रासच देत नाही."

फोन ठेवून बाई म्हणाल्या, "शांत. मीही हेच म्हणत होते."

"शांत नाही हो, तुमचा वर्ग घाबरलेला आहे," शिट्टीबाई म्हणाल्या. "आणि मीही धुतल्या तांदळासारखी नाही. तुम्ही तास मागितलात की मला बरंच वाटायचं, उन्हात उभं राहायला नको."

"पण अभ्यासक्रम कोण पुरा करणार? निकाल खाली आला की पालक मलाच धारेवर धरतात."

"धरतात ना. पण मला एक सांगा, त्या पोरीची छाती पळून पळून शेवटची कधी धडधडली असेल? खेळणाऱ्या पोराला दम लागतो, छाती उडते, पोटात दुखतं. ते बसतं, पाणी पितं, थोड्या वेळाने बरं वाटतं. वाढलेली धडधड खालीही येते, हे त्याचं शरीर शिकतं. हिला आपण ते शिकूच दिलं नाही. मग भीतीने छाती धडधडली की तिला मरणच दिसणार. खेळाने सगळं बरं होतं असं नाही म्हणत मी. डॉक्टर हवेतच, आणि ऐकणारा माणूसही हवा. पण तुम्ही तिचं पळणं काढून घेतलंत आणि बोलणंही. मग भीतीने जायचं कुठून?"

गणिताच्या बाई रडल्या, आणि शिट्टीबाईंनी त्यांना रडू दिलं.

पुढच्या खेळाच्या तासाला बाई वर्गाला घेऊन स्वतः मैदानावर उतरल्या. टाचणीही आली होती. शिट्टी वाजली, पण एक पोर जागचं हलेना. सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत उभे. पळायलाही परवानगी लागते असं वाटणारी ती मुलं पाहून बाई दोन पावलं पुढे आल्या.

"मला त्या दिवशी फार भीती वाटली," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "अजून वाटते. तुम्हाला वाटली तर बोला. मी शिकवत असले तरी मध्येच बोला." आणि मग, आयुष्यात कधी बसमागेही न धावलेल्या गणिताच्या बाई धावायला लागल्या.

आधी एक पोर खुदकन हसलं. मग सगळीच धावली. असा आरडाओरडा झाला की मुख्याध्यापक खिडकीत आले.

अर्ध्या मैदानात बाईंचा श्वास कोंडला. छाती हातोडे मारायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या मटकन खाली बसल्या आणि खरंच घाबरल्या. तेवढ्यात टाचणी धापा टाकत येऊन शेजारी बसली. तिचे गाल लाल झाले होते.

"काही नाही बाई, दम लागलाय," तिने बाईंचा हात हातात घेतला. "आधी श्वास सोडा. मी आहे इथे."

वाचकहो, गप्प बसलेलं मूल सुखी असतं, हा मोठ्यांच्या सोयीचा समज आहे. शाळेने शरीराला पळायला आणि मनाला बोलायला जागा द्यायलाच हवी. पुस्तकातलं पुढच्या वर्षीही शिकवता येतं. तेव्हा आज मूल शाळेतून घरी आलं की काय शिकवलं हे मागाहून विचारा. आधी विचारा, आज दम लागला का? आणि मग, आज कशाची भीती वाटली का? उत्तर लगेच आलं नाही, तर तिथेच बसून राहा.