बंद घरातली ओली माती

मे महिना आला, एस.टी.ची तिकिटं हातात पडली, की घरोघरी एकच पंचाईत. झाडांना पाणी कोण घालणार? ज्यांनी खिडकीत चार कुंड्या ठेवल्यात त्यांना ही काळजी वेगळी समजावून सांगायला नको.

बोरीवलीच्या एका सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या सुलक्षणा परबची काळजी जरा जास्तच खोल होती. तिच्या मागच्या दारी भिंतींनी बंदिस्त केलेलं इवलंसं अंगण होतं. तिथे तुळस, अबोली, कढीलिंब आणि तेलाच्या जुन्या डब्यात एक मोगरा. मोगरा आईनं मालवणहून मातीसकट पाठवलेला. पुढे आई गेली, माहेरच्या घराला टाळं लागलं. आईच्या हातचं म्हणावं असं तेवढंच जिवंत उरलं होतं.

वरच्या मजल्यावरची नीला तिची मैत्रीण, पण तीही माहेरी निघालेली. बॅग भरता भरता म्हणाली, "जानकीकाकूंना सांग ना गं. भिंतीला भिंत आहे."

आणि दोघी हसल्या. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. शेजारच्या जानकीकाकूंचा नवरा तरुणपणी गेला, मग काकूंनी दारात लावलेला पेरूही जळाला, आणि सोसायटीतल्या बायकांनी तेवढ्यावर निकाल लावून टाकला, की ह्या बाईचा हात वाईट. बारशाला बोलावणं नाही, मंगळागौरीला नाही. सुलक्षणा त्यांना कधी वाकडं बोलली नव्हती. मोगऱ्याला काळा दोरा मात्र तिनं त्यांना दिसेल अशा बेतानं बांधला होता.

शेवटी तिनं आईची युक्ती केली. वैशाखात शंकराच्या पिंडीवर टांगतात तशी गळती, म्हणजे बुडाला भोक पाडलेलं मडकं आणि भोकात कापसाची वात, मोगऱ्यावर टांगली. तिचा नवरा चंद्रप्रकाश म्हणाला, हे पाणी आपण पनवेलला पोचेपर्यंत संपणार. तिलाही ते ठाऊक होतं. मागच्या दाराला आतून कडी घालून, पुढच्या दाराला कुलूप लावून ती सासरच्या गावाला निघाली.

महिन्याभरानं परतले तेव्हा तिन्हीसांज झाली होती. चंद्रप्रकाशनं कुलूप काढलं. बंद घराचा कुबट वास यायला हवा होता. आला तो ओल्या मातीचा. सुलक्षणा उंबऱ्यातच थांबली. मागून आवाज येत होता. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्.

मागच्या दाराची कडी होती तशीच होती. तिनं ती हळूच काढली. अंगणातल्या फरशीवर महिन्याभराची धूळ साचलेली, आणि धुळीत एकही पाऊल नाही. मडकं काठोकाठ भरलेलं. मोगरा असा फुलला होता, की आई असतानाही कधी फुलला नसेल. तुळस टवटवीत. पलीकडच्या कोपऱ्यातली अबोली आणि कढीलिंब मात्र वाळून काटक्या झालेले. मध्ये जणू कुणी रेघ ओढली होती. इकडचं माझं, तिकडचं माझं नाही.

"आई," सुलक्षणाच्या तोंडून निघालं. उत्तर दिल्यासारखं मडकं ठिबकलं.

चंद्रप्रकाश ऑफिसात हेडक्लार्क, पण त्याचाही चेहरा उतरला. त्याच्या मनात आला तो राखणदार, वेशीवर राहून गाव सांभाळणारा, कुणाला न दिसणारा. "माती गावची आसा गो," तो कुजबुजला. "मातीवांगडा तो पण इलो." मातीबरोबर राखणदारही आला, असं त्याला म्हणायचं होतं. त्यानं भिंतीशी नारळ ठेवला, विडी ठेवली आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर ज्याला धड दोन वाक्यं सुचत नसत, तो माणूस अंधाऱ्या भिंतीशी बराच वेळ अदबीनं बोलत राहिला.

झोप कुणालाच लागली नाही. पहाटे नळ सुरू झाले तशी सुलक्षणा उठली आणि मागच्या दाराच्या फटीला डोळा लावून बसली. नुकतं उजाडत होतं.

भिंतीवरून एक तांब्या वर आला. हात दिसेना, माणूस दिसेना. अंधुक उजेडात नुसता तांब्या डुलत डुलत मडक्यापर्यंत आला, कलंडला, आणि रिकामा होऊन आल्या वाटेनं परत गेला.

तिनं रामाचं नाव घेतलं. ते पुरं होईतो भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं. साधा, सर्दीचा खोकला. भुतं अशी खोकत नाहीत. सुलक्षणानं स्टूल ओढलं आणि चढून पलीकडे पाहिलं.

खाली जानकीकाकू उभ्या होत्या. हातात लांबलचक बांबू, टोकाला तांब्या, तो कलता करायला सुतळी. सुलक्षणाला बघताच त्यांनी चोरी सापडल्यासारखा बांबू खाली घेतला.

"हात नाही लावला मी," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "शपथ घेते. तुझ्या एकाही झाडाला माझा हात लागलेला नाही. बांबू पोचला तेवढ्यांनाच घातलं. ती दोन लांब होती, म्हणून गेली."

सुलक्षणाची नजर त्यांच्या पायाशी ठेवलेल्या हंड्याकडे गेली. ऐन मेमध्ये तासभर येणारं पाणी. त्यातून ह्या बाईनं स्वतःच्या हंड्यातलं काढून रोज इथे ओतलं होतं.

"का केलंत काकू?"

"तुझं मडकं रिकामं झालं, की ठिबकायचं थांबायचं. इथे एकटीला ते थांबलेलं ऐकू यायचं. आज पहाटेही थांबलं, तुम्ही आलात तरी राहवलं नाही." जानकीकाकूंनी पदरानं तोंड पुसलं. "काल चंद्रप्रकाशचं गाऱ्हाणंही ऐकलं. आधी हसू आलं, मग राग आला. ह्यांना कावीळ झाली होती, सुलक्षणा. ती काय मी आणली? पेरूला कीड लागली होती. तुम्ही सगळ्या शिकलेल्या मुली. इतक्या वर्षांत एकीनं तरी विचारायचं, काकू, त्यांना झालं काय होतं?"

सुलक्षणा उतरली, पुढचं दार उघडून बाहेर गेली. वर गॅलऱ्यांतून बायका पाणी भरत होत्या. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "काकू, भिंतीवरून नको. दारानं या."

जानकीकाकू उंबऱ्याशी अडखळल्या. सुलक्षणानं त्यांचा हात धरला, त्यांना अंगणात नेलं आणि तो हात मोगऱ्याच्या ओल्या मातीवर टेकवला. वर कुणाची तरी बादली भरून वाहत होती, नळ बंद करायचं कुणाला सुचत नव्हतं.

वाचकहो, गेलेली आई बंद घरात येऊन पाणी घालते, हे सुलक्षणाला पटलं. गावचा राखणदार बोरीवलीपर्यंत येतो, हे तिच्या नवऱ्याला पटलं. शेजारची बाई आपलं भलं करत असेल, एवढंच दोघांच्या मनात आलं नाही! विधवेच्या हाताला वाईट म्हणणारं भूत कुठल्या पिंपळावर राहत नाही. ते तुमच्या-आमच्या जिभेवर राहतं, आणि त्याला उतरवायला मांत्रिक लागत नाही. गावाला निघण्याआधी शेजारचं दार वाजवून, "काकू, झाडं तुमच्यावर सोपवून जातेय," एवढं म्हटलं तरी पुरतं.