रांग मोडलेली बहीण

झेंडूची एक पाकळी.
सानगडीची बस, दार उघडंच.
बोराएवढ्या पोलादी गोळ्या.
बहिणीच्या ताटातला मोठा लाडू.
ग्लासच्या तळाशी बसून राहिलेलं औषध.

मित्रांनो, मी औषधाची जुनी पांढरी पूड आहे. साकोलीजवळच्या एका फार्मसी कॉलेजात मी आणि माझी बहीण एकाच खोक्यातून आलो. दोन बाटल्या, औषध एकच. आम्ही स्फटिक होतो. आमचे कण दोरी धरून रोवलेल्या धानासारखे ओळीनं उभे असत. ती ओळ सहजी सुटत नाही, म्हणून आम्ही पाण्यात लवकर विरघळत नसू. न विरघळलेलं औषध पोटातून तसंच निघून जातं.

तिथं शिकणाऱ्या शुभांगीची शेवटची परीक्षा आम्हाला विरघळवण्यावरच होती. तिनं बहिणीला चक्कीच्या डब्यात घातलं. डबा गरगरला. आतल्या पोलादी गोळ्यांनी तिला इतकं कुटलं की कण नुसते बारीक झाले नाहीत, त्यांची रांगच मोडली. मग ती पाण्यात पडताच विरघळू लागली.

सगळे तिलाच पाहायला येत. मी फळीवर.
मला कुणी का कुटलं नाही?

दसऱ्याला चक्कीची पूजा झाली. प्रयोगशाळा झाडणाऱ्या धुरपतामावशींनी बहिणीची बाटलीही पाटावर मांडली.
“काहून झाकून ठेवली वो पोरी? पाहू दे नं देवाले!”
“मावशी, तुमचा देव भल्ला चौकस आहे,” शुभांगी हसली आणि तिनंच झाकण काढलं. आंब्याच्या पानानं पाणी शिंपडलं गेलं. झेंडू वाहिले, बाटलीत कुंकूही पडलं. तेवढ्यात सानगडीची बस आली, शुभांगी धावली. झाकण पाटावरच राहिलं.

ओल लागली की मोडलेले कण पुन्हा रांगेत उभे राहतात. मी पाहत होते. मला आनंद झाला.

सुट्टीनंतर शुभांगीला शिकवणाऱ्या विनोद सरांनी बहिणीला सूक्ष्मदर्शकाच्या खास उजेडात पाहिलं. त्यात स्फटिक चमकतात, रांग मोडलेली पूड काळी दिसते.
“शुभांगी, हे तर चमकून राहिलं! उद्या बाहेरचे सर येऊन राहिले नं?”
“मीच झाकण काढलं, सर. पूजेले. कुंकू पडलं, हे आता चालत नाही. दुसरी बाटली आहे. मी थांबतो चक्कीपाशी.”

दुसरी बाटली म्हणजे मी.

गोळ्या बसल्या तेव्हा कळलं. ओळ तुटताना शेजारचा कण शेजारचा राहत नाही. दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर मी क्षणात विरघळले. शुभांगीनं डोळे पुसले. टाळ्या वाजल्या.

माझा उरलेला भाग आता बाटलीत आहे, सतत ओलीला घाबरत. शेजारी कुंकू लागलेली बहीण आपल्या ओळीत निवांत झोपते. तिचा मला अजून हेवा वाटतो.

मित्रांनो, औषधाला ओला हात लावू नका. झाकण लगेच लावा. आम्हाला कुटून घडवायला फार वेळ लागतो.

पहिल्या दिवशी शुभांगीनं दोन बाटल्यांतली एक न बघताच उचलली होती.