मापाऱ्याचं वजन

नांदुऱ्याच्या धान्यबाजारात एखादा शेतकरी वजनावरून कुरकुरला, की मापारी सहदेव त्याच्याशी हुज्जत घालत नसे. वीस किलोचं लोखंडी माप काट्यावर ठेवायचा आणि आकड्याकडे बोट दाखवायचा. आकडा बरोबर वीस असायचा.

सव्वीस वर्षं त्यानं याच बाजारात पोती वाहिली होती. गुडघा गेला, तेव्हा मापाऱ्याची खुर्ची मिळाली. त्यालाही आता वर्ष होत आलं होतं. वर्षभरात सदऱ्याची बटणं लागेनाशी झाली. सदरा धुऊन धुऊन आटला, असं त्याचं म्हणणं.

एका दुपारी बाजार थंडावल्यावर तो स्वतःच काट्यावर उभा राहिला. ब्याऐंशी किलो. हमाली सुटली तेव्हा अडुसष्ट होता.

"काटा बिघडला वाटते," तो म्हणाला.

पोत्याला टेकलेला हमाल देवानंद उठला. त्यानं ते लोखंडी माप उचलून काट्यावर ठेवलं. बरोबर वीस.

"भाकरी किती आणता, दादा?"

"चार. पयलेपासून चारच. एकबी वाढवली नाई."

"तेच तं. काम खुर्चीवरचं अन् खाणं हमालाचं. अंगाले आता दोनच लागतात. बाकीच्या दोन जातीन कुठी?"

सहदेवनं डबा उघडला. दोन भाकरी देवानंदच्या हातावर ठेवल्या, दोन खाल्ल्या आणि वर तांब्याभर पाणी प्याला. काटा खरा होता, देवानंदही खरं बोलला होता. पोटाला मात्र ते पटेना. ते अजून हमालच होतं.