माकलाचा रंग

कार्तिकातली पहाट. मालवणचा किनारा काल दुपारीच मागे पडला होता आणि चहूकडे आता फक्त दर्या होता, शांत, स्निग्ध, नीलश्यामल. पूर्वेला केशराची एक क्षीण रेघ उमटली. ती पाण्यात उतरली, पाण्यातून लाँचच्या ओल्या काठावर चढली आणि तो काठ घट्ट धरून बसलेल्या शरयूच्या बोटांपर्यंत येऊन थांबली.

त्या बोटांनी तीस वर्षं समुद्र रंगवला होता. मत्स्यसंग्रहालयाच्या भिंतींवरचे शंख तिचे, शिंपले तिचे, रौप्यकांती सुरमई तिची. पण पाण्याची धास्ती अशी, की लाँचवर तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. बरणीतलं मेलेलं पाहायचं आणि कागदावर उतरवायचं. काठावर बसून पोहण्याच्या गप्पा.

मधल्या दालनात तिचं लाडकं चित्र होतं: खोल पाण्यातलं, शाई फेकणारं महाकाय माकूल, म्हणजे स्क्विड, दशभुज, शंखशुभ्र. लोक थबकत, वाहवा करत. परवा मासेमारी लाँचचा म्हातारा तांडेल भिवा सारंग पाहुण्यांना घेऊन आला, चित्रापुढे उभा राहिला आणि सहज बोलून गेला,

"बाय, ह्यां माकूल न्हय. ह्यां माकलाचा मडां."

शब्द जिव्हारी लागले, कारण ते खरे होते. महिनाअखेर ती निवृत्त होणार, आणि तिच्यामागे भिंतीवर उरणार ते एक देखणं प्रेत. दुसऱ्याच दिवशी ती भिवाच्या लाँचवर चढली.

आता, या पहाटे, पाण्यात सोडलेल्या गळाचा दोर ताणला. भिवाने तो हळूहळू ओढला आणि अथांग काळोखातून ते वर आलं. पुरुषभर लांब. रक्तताम्र. नाही, जांभूळवर्णी. नाही, सुवर्णवर्णी, की गुलबक्षी? एक रंग ओळखावा तोवर दुसरा अंगभर धावत जाई, वाऱ्याने भाताचं शेत हलावं तसा. आणि वाटीएवढा डोळा, निर्भय, निश्चल, तिच्याकडेच लागलेला. शरयूचे हात काठावरून कधी सुटले, तिचं तिलाच कळलं नाही.

भिवाने ते फळीवर घेतलं. तिने कागद पसरला, कुंचला भिजवला, आणि पाहिलं: भुजांच्या टोकांकडून पांढरा रंग येत होता. ओळखीचा, बरणीतला, तीस वर्षांचा पांढरा. सोनं विझलं. जांभूळ विझलं. तिला रडू आलं.

"सोडा त्याला, भिवाकाका."

"आणि तुमचां चित्र?"

"मी पाहिलंय."

असं माकूल जन्मात दोनदा गळाला लागत नाही. भिवा घुटमळला. मग त्याने गळ काढला आणि तान्ह्याला न्हाऊ घालताना धरावं तसं ते दोन्ही हातांनी पाण्यात धरलं. एक श्वास. दुसरा श्वास. मग पांढऱ्याखालून ताम्र उसळलं, ताम्रातून सोनं, आणि जाता जाता त्याने शाईची सणसणीत पिचकारी मारली. शरयूचं पातळ, चष्मा, कागद, सगळं माखलं. भिवा हसला. तीही हसली, पोटभर.

तो कागद तिने टाकला नाही. शाईचे शिंतोडे तसेच ठेवले आणि त्यांच्याभोवती डोळ्यांत साठवलेले रंग एकेक करून भरले.

महिनाअखेरीला पांढरं चित्र उतरलं, नवं चढलं. तिच्या निरोपासाठी भिवा इस्त्रीचा शुभ्र सदरा घालून आला. चित्रासमोर तो बराच वेळ उभा राहिला. ताम्र, जांभूळ, सोनं; शाईचे ते शिंतोडे; आणि तो वाटीएवढा डोळा.

मग तो एक पाऊल मागे सरला, आणि नकळत, हलकेच, सदऱ्याची पांढरी बाही त्याने छातीशी ओढून घेतली.