भिंतीतल्या वायरचा भाव

पुष्पाबाईंच्या मागच्या खोलीतली लाईट गेली होती. वायरिंगचं काम शिकलेल्या रीनाचं हे स्वतःच्या नावावरचं पहिलंच काम, ते हातचं जाईल की काय अशी तिला धास्ती होती.

“सरळ सांग पोरी, किती घेशील? तो विनोद वायरमन तर न पायताच दोन हजार म्हणते.”

“भिंतीतलं मले दिसत नाही, काकू. शोधायचे दोनशे. बिघाड सापडला की तुमाले दाखवीन, मग पुढचा भाव.”

“मोठी डॉक्टरीण झाली वं!” पुष्पाबाई हसल्या आणि ‘हो’ म्हणाल्या.

रीनानं धान साठवायची रिकामी ढोली सरकवली, तर मागे भिंतीतून बाहेर आलेली वायर उंदरानं कुरतडलेली. तिनं ती पुष्पाबाईंना दाखवली.

“हातभरच वायर लागते, काकू. अजून शंभर.”

लाईट लागली तशा पुष्पाबाईंनी कुंपणापाशी जाऊन शेजारणीला हाक मारली. “तुळसा, तुया पंखा इलेच दाखव. खरं सांगते पोर!”