मनालीच्या गाडीची ट्रायल

मनालीची गाडी शनिवारी आमच्या गॅरेजच्या दारात आली, की वाल्मीक कोपरापर्यंत साबण लावून हात धुतो आणि मला चहात आलं घालायला सांगतो. एरवी हाच माणूस ग्रीसच्या हातांनी भाकरी मोडतो आणि आल्याने पित्त होतं म्हणतो. वाल्मीक म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला अहो म्हणते. मनात, आणि शनिवारी तर नक्कीच, तो नुसता वाल्मीक असतो.

मनाली चांदवडला शाळेत त्याच्या वर्गात होती. आता ती नाशिक रोडला राहते, बँकेत आहे. तिने जुनी पेट्रोल गाडी घेतली आणि पाथर्डी फाट्याला आमच्याकडे आणली. सिग्नलला उभी राहिली की गाडीला हुडहुडी भरायची, रस्त्याला लागली की एकदम ठीक.

"प्लग असतील," वाल्मीक म्हणाला. प्लग बदलले. पुढच्या शनिवारी कॉइल तपासल्या. मग थ्रॉटल धुतलं, मग इंजेक्टर साफ केले. आणि दर वेळी शेवटी तेच. "चल मनाली, ट्रायल मारून येऊ. रस्त्यावर ऐकल्याशिवाय नाय कळायचं."

उभी असताना थरथरणारी गाडी पांडवलेण्यांपर्यंत पळवून काय ऐकायचं असतं, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

आमच्या स्वयंपाकघराची आणि गॅरेजची भिंत एकच आहे. कुठली गाडी कशाने रडतेय ते मला आता पोळ्या लाटताना कळतं. वाल्मीक तर कसबी मिस्त्री, अख्खं अंबड त्याच्याकडे येतं. दोष सापडला की तो त्या जागेवर पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका देतो, म्हणजे कामाच्या गर्दीत तो भाग बदलायचा राहून जात नाही. त्या ब्रशला तो कुणाला हात लावू देत नाही. असा माणूस एका गाडीपुढे इतके शनिवार हरतो कसा?

"अहो, ती गाडी कुठूनतरी हवा ओढतेय," मी एकदा जेवताना म्हटलं. "बारीक शिट्टी येते."

"लय किचकट काम हाय ते," तो म्हणाला. "तू भात वाढ."

मी भात वाढला. पण मी जळत होते, त्यात लपवायचं काय? मनाली आगाऊ असती तर सोपं झालं असतं. ती मला वहिनी म्हणते, माझ्या चहाचं कौतुक करते, तिच्यावर धड रागावताही येत नाही. मला सहन होत नव्हतं ते ट्रायलवरून परत आल्यावरचं वाल्मीकचं तोंड. हसून हसून गाल दुखत असल्यासारखं. माझ्याबरोबर तो ट्रायलला कधी गेला नाही. मला बाजारात नेतो ते बाईकवर, हेल्मेटच्या आतून चकार शब्द न काढता.

परवाच्या शनिवारी मनाली गाडी लावून, किल्ली ठेवून इंदिरानगरला मैत्रिणीकडे गेली. वाल्मीकने निळा चेक्सचा शर्ट घातला होता, लग्नाकार्याचा. तेवढ्यात विल्होळीला जीप बंद पडल्याचा फोन आला.

"मनालीच्या गाडीला हात लावू नये कुणी," जाताना तो म्हणाला. तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मला ती गाडी दारातून कायमची घालवायची होती. ती बरी झाली, की मनालीला यायला कारण उरणार नव्हतं. मी पदर खोचला, बॉनेट उघडलं आणि गाडी चालू केली. लागली थरथरायला. कान लावला तर इंजिनच्या मागच्या अंगाला तीच शिट्टी. तिथे बोटाएवढा रबरी पाइप वळून गेलेला. मी तो चिमटीत दाबला आणि मिक्सरमधली डाळ बारीक झाल्यावर होतो तसा इंजिनचा आवाज एकसारखा झाला.

मी एकटीच मोठ्याने हसले. एवढा नावाजलेला मिस्त्री, आणि भेग सापडली त्याच्या बायकोला! आता वर्षभर चिडवायचं, असं ठरवतच मी गाडी बंद केली आणि पाइप उलटा करून पाहिला.

भेगेशेजारी पिवळा ठिपका होता. त्याच्यावर धूळ बसून चिकटली होती.

वाल्मीकला दोष कधीच सापडला होता. आणि तसला नवा पाइप तर समोरच खिळ्याला टांगलेला होता.

इंजिन गार झाल्यावर मी दोन क्लिपा सैल केल्या आणि पाइप बदलला. गाडी चालू करून पाहिली, थरथर थांबली होती.

मनाली आणि वाल्मीक मागेपुढेच आले. तिने किल्ली फिरवली आणि ओरडलीच, "अगं बाई, हलत नाहीये! वाल्मीक, शेवटी जमलं रे तुला!"

वाल्मीकने बॉनेटवर तळवा ठेवला. मग हळूच माझ्याकडे पाहिलं.

"ट्रायल मारायची का?" तिने सवयीने विचारलं.

"काही गरज नाही," मी म्हटलं.

"सुटले बाई! खरं सांगू वहिनी, दर शनिवारी इकडे यायचा जाम कंटाळा आला होता." हसत हसत तिने गाडी वळवली आणि गेली.

हे ऐकून काळजाला गारवा मिळाला. वाल्मीकचं तोंड पाहीपर्यंतच. तो रस्त्याकडे बघत होता, गाडी दिसेनाशी झाली तरी. माझ्यासाठी असं तोंड त्याने कधी केलं नव्हतं.

मी जुना पाइप ठिपका वर करून त्याच्या हातात दिला. म्हटलं, ओरडेल, निदान काहीतरी थाप मारेल. त्याने नुसती अंगठ्याने ठिपक्यावरची धूळ पुसली.

भंगाराचा डबा त्याच्या पायाशीच होता. त्याने तो काळा, चिकट पाइप शर्टाच्या खिशात ठेवला आणि हात धुवायला गेला. निळ्या चेक्सवर हा मोठा डाग पडलाय. तो शर्ट मी धुणार नाही.