रिकाम्या भांड्यातलं विष

मिनिकने वसंतातला पहिला नार्व्हाल देवमासा ओढून आणला, तरी आमचं ध्रुवाजवळचं गाव किनाऱ्यावर जमलं नाही. सगळे शाळेच्या सभागृहात टोर्केलभोवती बसले होते. तो डेन्मार्कहून यंत्र विकायला आलेला, पण आमच्याच बोलीत बोलणारा. समोर समुद्राच्या पाण्याने भरलेलं काचेचं भांडं, त्यात दोन लोखंडी सळ्या, बाजूला बॅटरी.

"दक्षिणेच्या कारखान्यांचं विष इथवर येतं आणि माशाच्या चरबीत बसतं," तो म्हणाला. एवढं खरं होतं. थापेत थोडं खरं मिसळलं की ती जास्त टिकते. "माझं यंत्र ते ओढून काढतं."

त्याने मत्ताकचा, म्हणजे कातडीसकट चरबीचा, तुकडा पाण्यात सोडला आणि बटण दाबलं. पाणी पिवळं झालं, मग तपकिरी. वर फेस आला.

"एवढं सगळं आपण खात होतो?" एका शिकाऱ्याने विचारलं.

"म्हणून तर तुझी बायको तुला जवळ येऊ देत नाही," शेजारी पुटपुटला.

मिनिकची आई आमालिए मात्र हसली नाही. तिची सून इव्हालू गरोदर होती. पहिल्या देवमाशाचा उत्तम तुकडा पोटुशीला द्यायचा, ही आमची रीत. आणि आरोग्यकेंद्राची नर्स नुकाका सांगत होती, या दिवसांत ही चरबी नको, विष बाळापर्यंत पोचतं.

"मासा माझ्या मुलाने मारायचा आणि सुनेने दुकानातलं सॉसेज खायचं," आमालिए म्हणाली. "आता तरी गप्प बसशील ना, नुकाका?"

सुनेच्या घासाला साधं पाणी कसं चालेल? आमालिएने भांडं रिकामं करून विसळलं आणि घरून आणलेलं हिमनगाचं वितळलेलं पाणी त्यात ओतलं. मानाच्या पाहुण्याचा चहा आम्ही याच पाण्याचा करतो. टोर्केल "आजी, नको" म्हणेपर्यंत सुनेचा तुकडा आत गेला होता.

तिने सळ्या परत ठेवून बटण दाबलं. पाणी नितळच राहिलं.

टोर्केल खाकरला. "नशीबवान आहात. हा तुकडा मुळातच शुद्ध निघाला. सुनेला बिनघोर खाऊ द्या."

इव्हालूने हात पुढे केला. नुकाकाने तो धरला.

"मिनिक, दोन्ही तुकडे कुठले?"

"एकाच माशाचे. शेजारशेजारचे."

"म्हणजे विष बरोबर तुझ्या सुरीच्या रेषेपाशी थांबलं होतं."

तिने भांडं धुतलं, समुद्राचं पाणी भरलं, सळ्या ठेवल्या. आत दुसरं काहीच टाकलं नाही.

"रिकामं यंत्र चालवत नाहीत," टोर्केल म्हणाला. "त्याची शक्ती जाते."

बटण आमालिएनेच दाबलं. पिवळं, तपकिरी, फेस.

"हे कोणाचं विष रे?"

"समुद्राचं, आजी."

"मघाशी माशाचं होतं."

नुकाकाने झिजून खडबडीत झालेली सळी वर धरली. "हा गंज आहे. खाऱ्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं. हिमनगाच्या पाण्यात मीठ नाही, म्हणून वीज जवळजवळ जातच नाही. खरं विष चरबीत विरघळलेलं असतं. त्याला रंग नाही, वास नाही. धुऊन, उकळून, गोठवून ते निघत नाही. मोठ्या, म्हाताऱ्या शिकारी माशात जास्त साठतं, छोट्या मासळीत कमी."

दक्षिणेने विष पाठवलं, मग उताराही पाठवला. दोन्ही आम्ही आदराने घरात घेतलं. हे विष आमच्या ताटात आलं यात आमचा दोष नाही. पण आपल्याला हवं तेच सांगतो म्हणून एखाद्यावर विश्वास ठेवणं, हा दोष आमचाच. चमत्कार दिसला की तो एकदा रिकाम्या भांड्यात करून बघावा. एवढ्याने कुठल्याही देवाचा अपमान होत नाही.

आमालिएने सुनेपुढे सुकवलेली छोटी मासळी ठेवली आणि मत्ताकचा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला.

"माझं बाळंतपणाचं वय गेलं," ती चावत म्हणाली. "रीत मी सांभाळते. तू बाळ सांभाळ."